लुरिस्तानचे लगाम कुणाचे?

(युवक-युवतींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘आपला वारसा’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. हा विषय निघाला की आपली गाडी दोनच रस्त्यांनी जाते. एक तर ताजमहाल, बीबी का मकबरा, गोलघुमट अशी यादी सुरू होते, नाही तर आपल्यावरच्या आरोपांना उत्तरं देणं सुरू होतं. दोन्ही पुष्कळ वेळा करून झालं आहे. आज मी घोड्याच्या लगामाबद्दल बोलणार आहे. इराणमधल्या, सुमारे २,८०० वर्षांपूर्वीच्या.

हसू नका. आधी पडद्यावरचं चित्र पाहा.

मधे एक आडवी दांडी आहे. तिची दोन्ही टोकं ठोकून वळवली आहेत. दांडीच्या दोन बाजूंना दोन पट्ट्या आहेत, साधारण तळहाताएवढ्या. यांना आपण गालपट्ट्या म्हणू, कारण त्या घोड्याच्या गालांवर बसतात. आता पट्टी नीट पाहा. तो एक रानमेंढा आहे. शिंगं मागे वळलेली. पाठीला पंख. पंखाचं टोक वळता वळता आणखी एका प्राण्याचं डोकं झालं आहे. पायाखाली तिसरा एक प्राणी दबलेला. मेंढ्याच्या अंगाला मधोमध भोक आहे आणि त्यातून दांडी आरपार जाते. वरच्या कड्यांमध्ये चामडी पट्टे अडकवायचे.

ज्यांनी घोडा जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्या मधे नुसत्या हिरडीची मोकळी जागा असते. लगामाची दांडी तिथे बसते. स्वार एक दोर ओढतो, दांडी सरकते, पलीकडची पट्टी गालावर दाबली जाते आणि घोडा वळतो. म्हणजे गालपट्टीचं काम एवढंच: दांडी तोंडातून निसटू न देणं आणि गालावर दाब देणं. त्यासाठी साधी सळई पुरते. पुष्कळ ठिकाणी तशीच सळई वापरलेली सापडते. इथे मात्र त्या जागी पंखवाला मेंढा उभा आहे.

असे नमुने शेकडो आहेत. कुठे साधा घोडा, कुठे रानबोकड, कुठे माणसाच्या चेहऱ्याचा पंखवाला बैल. कुठे एक माणूस दोन्ही हातांनी दोन श्वापदांची मानगूट धरून उभा. त्याला अभ्यासक ‘प्राण्यांचा स्वामी’ म्हणतात. हे नाव आजच्या अभ्यासकांनी दिलं आहे. त्या लोकांनी त्याला काय म्हटलं ते कळायला मार्ग नाही, कारण त्यांचं स्वतःचं लिखाण आपल्यापर्यंत आलेलं नाही. लगामांशिवाय दोर ओवायच्या कड्या आहेत, घुंगरं आहेत, साजावर लटकवायचे छोटे प्राणी आहेत.

हे सगळं लुरिस्तानचं. इराणच्या पश्चिमेला झाग्रोस पर्वताच्या रांगा आहेत, त्यांतला हा डोंगराळ मुलूख. खुर्रमाबाद हे तिथलं मुख्य शहर. या वस्तूंचा काळ साधारण इसवी सनापूर्वी १००० ते ६५०. त्या वेळी पश्चिमेला सपाटीवर असीरियाचं बलाढ्य राज्य होतं आणि दक्षिणेला एलाम. मधल्या डोंगरात मेंढ्या-घोडे पाळणारे हे लोक. राजवाडे नाहीत, मोठी शहरं नाहीत. जे होतं ते कमरेला, खांद्याला आणि घोड्याला लावायच्या वस्तूंवर ओतलेलं.

‘ओतलेलं’ हा शब्द मी मुद्दाम वापरते. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील. कथील तेच, जे आपल्या मोहल्ल्यातला कल्हईवाला भांड्याला आतून लावायचा. ‘कल्हई’ हा शब्दही मूळ अरबीच. तर कारागीर आधी मेणाचा मेंढा करायचा. त्याच्यावर मातीचा लेप. मग भट्टीत तापवलं की मेण वितळून वाहून जातं, आत मेंढ्याच्या आकाराची पोकळी उरते आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. गार झाल्यावर माती फोडायची. बस्तरचं ढोकरा काम तुम्ही प्रदर्शनात पाहिलं असेल, ते याच पद्धतीचं. या पद्धतीत साचा एकदाच वापरता येतो. एका जोडीतल्या दोन पट्ट्या आरशातल्यासारख्या उलटसुलट असतात, पण मेणाचं काम प्रत्येक वेळी नव्यानं करावं लागतं. त्यामुळे शिंगाचा वाक कुठे किंचित जास्त, कुठे कमी. ज्याला हे बघायला आवडतं त्याचा अख्खा दिवस यात जातो. माझे पुष्कळ गेले आहेत.

आता पट्टीची मागची बाजू पाहा. पुष्कळ पट्ट्यांना मागे छोटे काटे आहेत, घोड्याच्या गालाकडे तोंड केलेले. हे काटे घोड्याला टोचायचे का? की मधे चामडं असायचं? काही अभ्यासक म्हणाले, इतक्या जड आणि काटेरी वस्तू जिवंत घोड्याला कोण घालेल, या खास कबरीत ठेवण्यासाठी केल्या असणार. दुसरे म्हणाले, काही दांड्यांवर आणि भोकांवर झीज दिसते, म्हणजे त्या वापरल्या गेल्या आहेत. आणखी एक गोष्ट सांगितली जायची: असा लगाम मृताच्या डोक्याखाली उशीसारखा ठेवलेला सापडतो.

ही उशीची गोष्ट फार छान आहे. स्वार मेला, त्याचा लगाम त्याच्या डोक्याखाली ठेवला. ऐकल्याबरोबर पटते. पण ती सांगितली कुणी? कबरी उकरून माल विकणाऱ्यांनी. आणि माझ्या आजच्या बोलण्याचा खरा विषय इथून सुरू होतो.

१९२० च्या दशकाच्या शेवटी या वस्तू एकाएकी बाजारात आल्या. हरसीन, किर्मानशाह इथल्या दुकानांतून तेहरानला, तिथून पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कला. आधी कुणी नावही ऐकलं नव्हतं आणि दोनचार वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांमध्ये रांग लागली. १९३१ साली लंडनच्या बर्लिंग्टन हाऊसमध्ये इराणी कलेचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन झालं, त्यातही ही ब्राँझ मांडली होती. त्याच वर्षी फ्रेंच पुरातत्त्वज्ञ आंद्रे गोदार यांनी त्यांच्यावर अख्खं पुस्तक काढलं. म्हणजे बाजार, प्रदर्शन आणि पुस्तक सगळं झालं, फक्त शास्त्रीय उत्खनन झालं नव्हतं. ते तिथे १९३८ मध्ये झालं, तेही मुख्यतः एका ठिकाणी.

माल येत होता तो स्थानिक लुर लोकांनी उकरलेल्या कबरींमधून. त्यांना चोर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्याच दशकात तेहरानचं नवं सरकार लुर टोळ्यांवर फौजा पाठवत होतं, भटक्यांना जबरदस्तीनं एका जागी बसवत होतं. कळपाबरोबर डोंगर चढणाऱ्या माणसाला खाली एका जागी बसवलं आणि त्याच्या पायाखाली विकण्याजोगं काही निघालं, तर तो काय करेल? बोटं दाखवायचीच असतील तर साखळीच्या दुसऱ्या टोकाकडेही दाखवा. तिथे सुशिक्षित माणसं होती, काचेची कपाटं होती, देणगीदार होते. तो लगाम कुठून आला हे विचारायची सवड त्यांच्यापैकी फारच थोड्यांना झाली.

अशी सवड काढणारा एक माणूस मला आवडतो. ऑस्कर व्हाईट मस्करेला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्राचीन इराणचा अभ्यासक. तो म्हणायचा की संग्रहालयाच्या पाटीवर ‘लुरिस्तान’ लिहिलेलं असतं तेव्हा विचारा, हे कुणी पाहिलं? पुष्कळदा उत्तर असं असतं की दुकानदारानं सांगितलं. दुकानदाराला कुणी सांगितलं? दुसऱ्या दुकानदारानं. या प्रकाराला त्यानं ‘बाजारी पुरातत्त्व’ म्हटलं. लुरिस्तानच्या नावाखाली बनावट माल किती खपवला गेला तेही तो लिहीत राहिला. गिऱ्हाईक हावरं झालं की कारागीर कामाला लागतातच. आपल्याच संग्रहालयाच्या खरेदीवर तो जाहीरपणे बोलला, तेव्हा त्याला नोकरीवरून काढलं. अनेक वर्षं लढून तो परत रुजू झाला. १९७२ मध्ये ज्या ग्रीक पात्राच्या खरेदीवर त्यानं आक्षेप घेतला होता, ते पात्र २००८ मध्ये त्या संग्रहालयाला इटलीला परत करावं लागलं.

तुम्ही म्हणाल, वस्तू तर वाचली ना? कबरीत गंजत पडण्यापेक्षा काचेत बरी.

मी तुम्हाला दुसरा एक लगाम दाखवते. हा आपल्याकडचा आहे. नागपूरजवळ माहुरझरी नावाचं गाव आहे. तिथे मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत, विदर्भात अशी पुष्कळ ठिकाणी आहेत. ती लोहयुगातली दफनं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केलं. माणसांबरोबर घोड्यांची हाडं निघाली, लोखंडी लगाम निघाले आणि तांब्याच्या पत्र्याचे अलंकार निघाले. हे अलंकार घोड्याच्या चेहऱ्यावर बांधायचे होते हे आपण खात्रीनं सांगू शकतो. कारण ते घोड्याच्या अवशेषांसोबत, जागेवर, कुंचल्यानं माती बाजूला करणाऱ्या माणसानं पाहिले, मोजले, त्यांचं रेखाटन केलं आणि मग उचलले.

माहुरझरीचा पत्रा दिसायला साधा आहे. लुरिस्तानच्या पंखवाल्या मेंढ्यापुढे कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहणार नाही. पण या पत्र्याला आपण विचारू शकतो: तू कुणाबरोबर होतास, शेजारी काय होतं, घोडा पुरलेला होता का, वर किती दगड होते? तो उत्तर देतो. त्या मेंढ्याला विचारा, तो मुका आहे. तो पुरुषाच्या कबरीत होता की बाईच्या? त्या कबरीत घोडा होता का? दोन्ही गालपट्ट्या खरंच एकाच जोडीच्या, की दुकानदारानं दोन सुट्या पट्ट्या जुळवून जास्त पैसे घेतले? ज्या हातानं त्याला मातीतून ओढून काढलं, त्याच हातानं ही सगळी उत्तरं विस्कटली. आणि हे नुकसान भरून येत नाही. वस्तू परत इराणला पाठवली तरी येत नाही.

(एक सूचना. माहुरझरी आणि लुरिस्तान यांच्यात मी काही नातं सांगत नाहीये. दोन्हीकडे घोडा आहे आणि लगाम आहे, एवढंच. उद्या कुणी यावर ‘विदर्भाचे लोक इराणहून आले’ असा फॉरवर्ड केला तर त्यात माझं नाव घालू नका.)

लुरिस्तानात जिथे नीट खोदलं गेलं तिथे काय कळलं तेही सांगते, म्हणजे मी काय गमावलं म्हणते ते लक्षात येईल. १९३८ मध्ये एरिक श्मिट यांच्या अमेरिकी मोहिमेनं सुर्ख दुम या ठिकाणी खोदकाम केलं. तिथे कबर नव्हती, प्रार्थनास्थळ होतं. ब्राँझच्या असंख्य टाचण्या, गोल चकतीच्या डोक्याच्या, भिंतींमध्ये खोचलेल्या आणि जमिनीखाली ठेवलेल्या सापडल्या. नवस! तोवर बाजार सांगत होता की सगळा माल कबरीतला. १९६५ पासून बेल्जियमचे लुई व्हांडन बर्ग यांनी जवळजवळ पंधरा वर्षं डोंगराच्या पश्चिम उतारावरची कब्रस्तानं एकामागून एक तपासली. आणि गेल्या वीस वर्षांत इराणी पुरातत्त्वज्ञांनीच खुर्रमाबादजवळ संगतराशान इथे उत्खनन केलं. तिथेही ब्राँझचा मोठा साठा जागेवर मिळाला, आणि तिथेही ते ठिकाण कब्रस्तान वाटत नाही. प्रत्येक नीट खणलेल्या खड्ड्यानं दुकानातली एकेक गोष्ट खोडली किंवा बारीक केली.

आता वारशाकडे येते. ही ब्राँझ कुणाची?

जुन्या पाट्यांवर ‘पर्शियन’ लिहिलेलं असायचं. ते चूक आहे. पर्शियन म्हणजे सायरस आणि दारा यांचं साम्राज्य, ते इसवी सनापूर्वी ५५० च्या सुमाराचं, या लगामांच्या नंतरचं. आधी कुणी त्यांना कस्साइट लोकांच्या नावावर लावलं, कुणी सिमेरियन स्वारांच्या, कुणी मिडियन लोकांच्या. प्रत्येक दाव्यामागे कुणालातरी प्राचीन आणि पराक्रमी पूर्वज हवा होता. इराणमध्ये शहाच्या राजवटीला ‘आर्य’ इतिहास हवा होता. हा आजार आपल्याला नवा नाही, रोज टीव्हीवर बघतो.

आपल्या बाजूचाही एक आजार आहे. मागे एका कार्यक्रमात असाच फोटो दाखवला तेव्हा एका मुलानं विचारलं, “मॅडम, हे तर इस्लामच्या आधीचं, जाहिलियतचं. शिवाय प्राण्यांच्या मूर्ती. आपलं याच्याशी काय देणंघेणं?” प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर देते. खुर्रमाबादला फलक-उल-अफ्लाक नावाचा जुना किल्ला आहे. त्यात आज संग्रहालय आहे आणि तिथे लुरिस्तानची ब्राँझ ठेवली आहेत. त्यांची निगा राखणारे, त्यांच्यावर प्रबंध लिहिणारे, शाळेच्या सहली घेऊन येणारे बहुतेक मुसलमानच आहेत. त्यांच्या ईमानाला त्या पंखवाल्या मेंढ्यानं काही झालेलं नाही. आणि जमिनीवर फिरा, तुमच्या आधीच्या लोकांचं काय झालं ते पाहा, असं कुरआन एकदा नाही, अनेकदा सांगतं. पाहायला सांगितलं आहे, तर पाहण्याजोगं काही शिल्लक ठेवावं लागेल.

मला विचाराल तर, त्या लगामांशी आपलं रक्ताचं नातं शोधायची गरजच नाही. भाषेचं एक लांबचं नातं मात्र आहे, आणि ते पक्कं आहे. ‘लगाम’ हा शब्द फारसी. जीन, खोगीर, तोबरा, चाबूक, स्वार हे फारसी, ‘रिकीब’ आणि ‘नाल’ अरबी. घोड्याला मराठीतून खायला घालायचं, सजवायचं, चालवायचं म्हटलं तर इराणच्या शब्दांशिवाय पाऊल पुढे पडत नाही. हे शब्द कुणी लादले म्हणून टिकले नाहीत. चौल-दाभोळच्या बंदरात इराणच्या आखातातून घोडे उतरत होते. बहमनींचा वजीर महमूद गवान हा स्वतः गिलानचा व्यापारी, तोही दाभोळलाच उतरला होता. मावळातल्या शिलेदारानं आणि बारगिरानं हे शब्द मराठी करून टाकले. ‘शिलेदार’ आणि ‘बारगीर’ हेसुद्धा तिकडचेच.

आता कामाचं. आपण लुरिस्तानात राहत नाही, पण आपल्या पायाखालीही वस्तू आहेत. कब्रस्तानात जुने दगड आहेत, दर्ग्याच्या भिंतीत फारसी शिलालेख आहेत, घरोघरी पत्र्याच्या पेटीत सनदा आणि इनामाचे कागद आहेत. दरवर्षी उरूस आला की शिलालेखावर ऑइलपेंटचा एक थर चढतो. नूतनीकरण म्हणून जुना दगड काढून ग्रॅनाइट बसतं. नांगराला लागलेली नाणी ऑनलाइन विकली जातात आणि विकणारा लिहितो: ‘खानदानी वस्तू’. बाजारी पुरातत्त्व, मराठी आवृत्ती.

कायदा माहीत असावा. जमिनीत सापडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची गुप्त ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. हा कायदा १८७८ चा आहे, त्यामुळे ‘दहा रुपये’ ऐकून हसू येतं, पण तो लागू आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू ही पुरावस्तू ठरते, महत्त्वाच्या हस्तलिखितासाठी ही मर्यादा ७५ वर्षं आहे. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

कायद्याच्याही आधी करता येण्यासारखं एक साधं काम आहे, त्याला परवानगीही लागत नाही. दगड दिसला तर हलवू नका, घासू नका, खडूनं अक्षरं भरू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. एक जवळून, एक लांबून, म्हणजे आजूबाजूचं दिसेल. गाव, जागा, तारीख, दगडाचं तोंड कुठल्या दिशेला हे वहीत लिहा. मुतवल्लींना सांगा की रंगकामाच्या आधी आम्हाला दोन दिवस द्या. ते आधी संशयानं बघतील, मग स्वतःच आणखी एक दगड दाखवतील. असा अनुभव मला दोनदा आला आहे.

चहानंतर तुमचे गट करणार आहोत. प्रत्येक गटाला लुरिस्तानच्या एका वस्तूचं चित्र आणि तिच्याखाली संग्रहालयात लिहितात तशी पाटी मिळेल. त्या पाटीतले कुठले शब्द वस्तूकडे बघून कळतात, कुठले उत्खननातून आले आणि कुठले दुकानातून, ते तीन रंगांच्या पेननं अधोरेखित करायचं. वेळ अर्धा तास. पेनं मागच्या टेबलावर ठेवली आहेत.